पहिले पाच सामने जिंकूनही लीगमध्ये पाचवे का आलात?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही बडोद्यातल्या मांजलपूरला १७ वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल संघ चालवता. आजवर सगळ्या नॉकआउट, म्हणजे हरला की बाहेर अशा स्पर्धा खेळलात. यंदा पहिल्यांदाच आठ संघांची, दोन फेऱ्यांची लीग खेळलात. ऑगस्टच्या अखेरीस सुरू झाली, जानेवारीत संपली, प्रत्येकाचे १४ सामने. नवरात्रीआधीचे पाचही सामने जिंकून तुम्ही तक्त्यात पहिले होता. पुढच्या नऊ सामन्यांत एक विजय, दोन बरोबऱ्या आणि सहा पराभव. शेवटी २० गुणांवर पाचवे आलात. तुमचं म्हणणं असं की पोरांचा दम संपला. आणि विचारता असं की प्रीमियर लीगचे संघ ऑगस्ट ते मे ३८ सामने कसे टिकतात, आणि दम वाढवायला मुलांना कोणता व्यायाम द्यावा.

व्यायामाचं उत्तर देतो, पण शेवटाकडे. कारण तुमच्याच मजकुरात तीन गोष्टी अशा आहेत ज्या दमापेक्षा मोठ्या आहेत. आठवड्यातून सहा दिवस सराव. जमेल तितके सामने तेच अकरा खेळाडू. आणि लीग चालू असताना दिवाळीच्या सुट्टीत आणखी दोन नॉकआउट स्पर्धा. या तिन्ही एकत्र ठेवल्या की माझं मत असं होतं: तुमच्या पोरांकडे दम होता, तुम्ही तो १४ फायनलमध्ये वाटून टाकलात. लीग ही नॉकआउट सामन्यांची माळ आहे असं समजून तुम्ही खेळलात.

यात तुमचा दोष काढत नाही. बडोद्यातच काय, आपल्याकडे सगळीकडे मैदानी फुटबॉल नॉकआउटवरच वाढलाय. आठवडाभराची स्पर्धा, सोळा संघ, हरलास की घरी. तिथे उद्याचा विचार करून चालत नाही, सगळ्यात चांगले अकरा रोज उतरवायचे, दुखत असेल तर पट्टी बांधून उतरवायचे. शिवाय आपल्या गावाला व्यायामशाळेची जुनी सवय. प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरापासून इथल्या मराठी घरांत ‘रोज घाम निघाला पाहिजे’ हे मुरलेलं आहे. ती शिस्त मला मनापासून प्यारी आहे, मी त्याच वातावरणात वाढलो. पण वाढत्या वयाच्या मुलांच्या पाच महिन्यांच्या लीगला ती जशीच्या तशी लावता येत नाही.

आता कशावर काय अवलंबून आहे तेही सांगून टाकतो. तुमच्याकडे एकूण मुलं किती, दोन सामन्यांत अंतर किती, बदली खेळाडूंचा नियम काय, मैदान गवताचं की टणक मातीचं, यावर उत्तर बदलतं. संघात अठरा मुलं असतील तर खालचं सगळं करता येईल. तेराच असतील तर निम्मं.

पहिली गोष्ट, तुमचा तक्ता नीट वाचू. सगळे निकाल दिलेत हे फार चांगलं केलंत. पहिले पाच सामने ज्या पाच संघांशी होते, त्यांतला एकही शेवटी पहिल्या दोनांत नाही. पहिले दोन आलेले संघ तुम्हाला सहाव्या आणि सातव्या सामन्यात भेटले, आणि दोघांकडूनही तुम्ही दोन्ही फेऱ्यांत हरलात. म्हणजे सहापैकी चार पराभव त्या दोघांचे. ते पहिल्या आठवड्यात आले असते तरी बहुधा हरलाच असता, आणि मग ‘दम संपला’ असं कोणी म्हटलं नसतं. खरी घसरण उरलेल्या पाच संघांविरुद्ध दिसते. पहिल्या फेरीत त्यांच्याकडून १५ पैकी १५ गुण, दुसऱ्या फेरीत १५ पैकी ५. हरवलेत ते हे दहा गुण. आपल्याला बोलायचंय ते या दहांबद्दल.

लीग वाचायची ही पद्धत मी सगळ्यांना सांगतो. वहीत प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचं नाव लिहा, शेजारी पहिल्या फेरीचा निकाल आणि त्याच्या शेजारी दुसऱ्या फेरीचा. नोव्हेंबरमधला तक्ता कोण चांगला हे कमी सांगतो, कोणाचे सोपे सामने आधी झाले हे जास्त सांगतो. मोठ्या लीगमध्येही तसंच. २०२२-२३ मध्ये आर्सेनल २४८ दिवस तक्त्यात पहिले होते आणि विजेतेपद मँचेस्टर सिटीला गेलं, ८९ विरुद्ध ८४ गुण. तो हंगाम कुठे फिरला ते पाहण्यासारखं आहे. एप्रिलमध्ये लिव्हरपूलच्या मैदानावर २-० ने पुढे असताना २-२. पुढच्याच सामन्यात वेस्ट हॅमच्या मैदानावर पुन्हा २-० ने पुढे असताना २-२. मग घरच्या मैदानावर तळाला असलेल्या साउदॅम्प्टनशी ३-३. लोकांच्या लक्षात राहिला तो नंतरचा सिटीकडून झालेला ४-१ पराभव, पण तीन सामन्यांत सहा गुण आधीच गेले होते. आणि त्यांचा सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, विल्यम सालिबा मार्चमध्ये जायबंदी होऊन बाहेर बसला होता, हे त्यामागचं एक मोठं कारण.

तुमच्या दोन बरोबऱ्यांबद्दल तुम्ही लिहिलंय की दोन्ही वेळा गोल शेवटच्या दहा मिनिटांत खाल्ला. ते दोन सामने धरून ठेवले असते तर चार गुण वाढले असते, म्हणजे २४. तुम्ही दिलेल्या तक्त्यात तिसऱ्या संघाचे २४ च आहेत.

इथे लीगचं गणित मुलांना फळ्यावर लिहून दाखवा. इंग्लंडमध्ये १९८१ पासून विजयाला तीन गुण आहेत, त्याआधी दोन होते. त्यामुळे एक विजय आणि दोन पराभव यांची किंमत तीन बरोबऱ्यांइतकी झाली. २०१८-१९ चा हंगाम घ्या. लिव्हरपूल ३८ पैकी फक्त एक सामना हरलं आणि दुसरं आलं. सिटी चार हरलं आणि पहिलं आलं. ९८ विरुद्ध ९७. लिव्हरपूलच्या सात बरोबऱ्या होत्या, सिटीच्या दोनच. २००३-०४ मध्ये आर्सेनल एकही सामना न हरता विजेते झाले, २६ विजय आणि १२ बरोबऱ्या, ९० गुण. तेवढ्याच गुणांवर २०१८-१९ मध्ये ते तिसरे आले असते. बरोबरी वाईट असं मी म्हणत नाही. ती कधी परवडते आणि कधी नाही हे तक्ता बघून ठरतं, आणि नॉकआउटवर वाढलेल्या माणसाला ते बघायची सवय नसते.

बरोबरी परवडण्याचं माझं आवडतं उदाहरण आपल्या देशातलं आहे. २०१६-१७ च्या आय-लीगमध्ये मिझोरमचा ऐझॉल एफसी विजेता झाला, १८ सामन्यांत ३७ गुण, मोहन बागानचे ३६. आदल्या हंगामात हा संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता आणि नंतर पुन्हा वर घेतला गेला. प्रशिक्षक खालिद जमील. शेवटून दुसऱ्या सामन्यात त्यांनी बागानला घरी १-० हरवलं आणि शेवटच्या दिवशी शिलाँगला लाजाँग संघाशी १-१ बरोबरी केली. त्यांना एक गुण पुरेसा होता, तो त्यांनी घेतला. तुमच्या मुलांना त्या क्षणी विचारलं असतं की एक गुण पुरेसा असताना शेवटची पंधरा मिनिटं कशी खेळायची, तर त्यांना सांगता आलं असतं का? हे सरावात शिकवावं लागतं.

लीग आणि नॉकआउट हे दोन वेगळे खेळ आहेत हे पटवायला २०२३-२४ ची इंडियन सुपर लीग पुरेशी आहे. साखळी फेरीच्या शेवटच्या सामन्यात, १५ एप्रिल २०२४ ला, कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागानने मुंबई सिटीला २-१ हरवलं आणि २२ सामन्यांत ४८ गुणांवर लीग शील्ड, म्हणजे साखळी फेरीत पहिलं येणाऱ्याची ढाल, जिंकली. मुंबई ४७. त्यानंतर बाद फेरी झाली आणि ४ मे ला त्याच मैदानावर अंतिम सामन्यात मुंबईने बागानला ३-१ हरवून कप नेला. तेच दोन संघ, तेच मैदान, तीन आठवडेही झाले नव्हते. एका रात्री कोण चांगलं खेळलं हे कपने सांगितलं. शील्डने सांगितलं की जवळपास सात महिन्यांत कोणी कमी सांडलं. त्यातही बागानचा डिसेंबर वाईट गेला होता, सलग तीन सामने हरले, प्रशिक्षक बदलले, अंतोनिओ लोपेझ हबास आले. तरी शेवटी पहिले. लीगमध्ये वाईट महिना माफ असतो, जर त्याचे दोन महिने होऊ दिले नाहीत तर.

आता दुसऱ्या फेरीबद्दल. तेच संघ दुसऱ्यांदा भेटतात तेव्हा ते तुम्हाला ओळखत असतात. तुमचा उजवा विंगर, म्हणजे उजव्या कडेने चढाई करणारा खेळाडू, पहिल्या फेरीत सगळ्यांना पळवत होता असं तुम्ही लिहिलंय. दुसऱ्या फेरीत त्याच्यावर दोन-दोन जण लावले गेले असणार, मी असतो तर तेच केलं असतं. म्हणजे तुम्ही तेच राहिलात आणि समोरचे बदलले. हंगामात संघाला निदान एकदा तरी कात टाकावी लागते.

त्यासाठी लेस्टर सिटीचा २०१५-१६ चा हंगाम सविस्तर बघा. सगळे त्याला चमत्कार म्हणतात. सट्टेवाल्यांनी सुरुवातीला ५००० ला १ भाव दिला होता, त्यामुळे ते साहजिक आहे. पण आतून बघितलं तर त्यात शिकण्यासारखं काम फार आहे. त्याच्या आदल्या वर्षी हा संघ २९ सामन्यांत १९ गुणांवर तळाला होता. शेवटच्या नऊपैकी सात जिंकून ४१ गुणांवर कसाबसा वाचला. उन्हाळ्यात क्लॉडिओ रानिएरी प्रशिक्षक म्हणून आले. नव्या हंगामात पहिल्या नऊ सामन्यांत लेस्टरने प्रत्येक वेळी गोल खाल्ला. जिंकत होते, पण ४-२, ३-२ असे. सप्टेंबरअखेर आर्सेनलने त्यांना त्यांच्याच घरी ५-२ ने हरवलं. त्यानंतर रानिएरींनी दोन्ही फुल बॅक (कडेचे बचावपटू) बदलले आणि डॅनी सिम्पसन व ख्रिस्टियन फुक्स यांना आणलं. पुढे हेच दोघे कायम झाले. दहाव्या सामन्यात, २४ ऑक्टोबरला, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध १-० अशी पहिली क्लीन शीट मिळाली, म्हणजे पहिल्यांदाच एकही गोल खाल्ला नाही. रानिएरींनी कबूल केल्याप्रमाणे मुलांना पिझ्झा खायला नेलं.

पुढचं अजून महत्त्वाचं. १४ फेब्रुवारीला आर्सेनलकडे ते शेवटच्या मिनिटांतल्या गोलने २-१ हरले. तोवर २६ सामन्यांत ५३ गुण. सगळ्यांना वाटलं, आता हे घसरणार. एफए कप या इंग्लंडमधल्या नॉकआउट स्पर्धेतून आधीच बाहेर असल्यामुळे मध्ये मोकळे दिवस होते, आणि रानिएरींनी खेळाडूंना आठवडाभर सुट्टी दिली. सराव वाढवला नाही. त्यानंतरच्या बारा सामन्यांत आठ विजय, चार बरोबऱ्या, एकही पराभव नाही. वॉटफर्ड, न्यूकॅसल, पॅलेस, साउदॅम्प्टन असे सलग चार सामने १-० ने जिंकले. सुरुवातीला ३-२ ने जिंकणारा संघ वसंतात १-० ने जिंकायला लागला होता, कारण आता समोरचे संघ त्यांना मोकळी जागा देत नव्हते. त्यांचा वेगवान स्ट्रायकर जेमी वार्डी बचावाच्या मागे पळत जाईल अशी जागाच राहिली नव्हती, मग त्यांनी गोल न खाण्यावर भर दिला. शेवटी ८१ गुण, दुसऱ्या आलेल्या आर्सेनलपेक्षा दहा जास्त. तीनच पराभव, बारा बरोबऱ्या.

याच कारणासाठी तुमच्या संघाला मी विचारेन: विंगर अडकला तर दुसरी वाट कोणती? दुसऱ्या फेरीत तुम्ही किती सामने एकही गोल न खाता खेळलात? तुमच्या यादीत एकही दिसत नाही. दहांपैकी निम्मे गुण तिथेच गेले असं मला वाटतं.

आता शरीराकडे येतो. रानिएरींनी त्या हंगामात आपल्या आठवड्याचा बेत जाहीरपणे सांगितला होता. शनिवारी सामना, रविवारी सुट्टी, सोमवारी हलकं, मंगळवारी जोरात, बुधवारी पूर्ण आराम, गुरुवारी जोरात, शुक्रवारी तयारी. आठवड्यातून दोन दिवस मोकळे. हे पगारी, प्रौढ खेळाडू, दिमतीला डॉक्टर आणि फिजिओ. तुमची मुलं दहावी-बारावीची, सकाळी शाळा, दुपारी ट्यूशन, संध्याकाळी तुमच्याकडे, आणि सहा दिवस सराव अधिक सामना म्हणजे सुट्टी शून्य.

सामना रविवारी असेल तर मी असा आठवडा लावतो. सोमवारी कोणी ग्राउंडवर यायचं नाही. मंगळवारी चाळीस-पन्नास मिनिटं हलकं, पासिंग आणि बोलणं, आणि जे रविवारी बाकावर होते त्यांना थोडं जास्त. बुधवारी सगळ्यात कष्टाचा दिवस. गुरुवारी आराम. शुक्रवारी जोरात पण थोडा वेळ. शनिवारी कॉर्नर, फ्री किक, कोण कोणाला धरणार, आणि घरी. पालक विचारतील, ‘सर, आज सराव नाही?’ त्यांना समजावून सांगावं लागतं की आरामाच्या दिवशीच शरीर बांधलं जातं.

सोबत एक वही ठेवा. सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने प्रत्येक मुलाला एकेकट्याने विचारायचं: आजचा सराव किती कठीण वाटला, एक ते दहा. त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचं. नव्वद मिनिटं आणि सात म्हणजे ६३०. आठवड्याची बेरीज करायची. ही पद्धत अमेरिकेतले क्रीडाशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांनी रूढ केली, आणि मोठे क्लबही छातीला लावायच्या यंत्रांसोबत ती अजून वापरतात. तुम्हाला यंत्र नको, पेन पुरे. एखाद्या मुलाची बेरीज एका आठवड्यात एकदम उसळली की पुढच्या आठवड्यात त्याला सांभाळायचं. मुलं सगळ्यांसमोर खरं सांगत नाहीत, म्हणून एकेकट्याने विचारायचं.

आणि बडोद्यात राहून नवरात्र वहीत लिहिली नाही तर ती वही अपुरीच. तुमची घसरण नवरात्रीनंतर सुरू झाली, याकडे मी योगायोग म्हणून बघत नाही. नऊ रात्री दोन-दोन, तीन-तीन तास गरबा, बहुतेक जण अनवाणी, घरी यायला एक वाजतो, सकाळी शाळा. पोटऱ्या, घोटे आणि झोप या तिघांवर एकदम ताण. मुलांना गरबा खेळू नका असं मी कधीच सांगत नाही. या गावात जन्मलेल्या पोराला ते सांगणं चूक आहे, आणि ती ऐकणारही नाहीत. मी त्या नऊ दिवसांत सराव निम्म्याने कमी करतो, जोरात पळण्याचं काम बंद करतो, आणि गरब्याची मिनिटं वहीत धरतो. तुम्ही त्या दिवसांत सहा दिवस सराव चालू ठेवला. त्यानंतर लगेच दोन सगळ्यात तगडे संघ, आणि मग दिवाळीत दोन स्पर्धा. मुलांच्या पायांनी तोवर खूप सोसलं होतं.

दिवाळीच्या स्पर्धांबद्दल थोडं. जास्त सामने खेळले की लीग बुडतेच असं म्हणता येत नाही. २०१५-१६ मध्ये लेस्टरने सगळ्या स्पर्धा मिळून ४३ सामने खेळले. त्याच हंगामात लिव्हरपूलने ६३ खेळले आणि लीगमध्ये आठवं आलं. पण २०१८-१९ मध्ये मँचेस्टर सिटीने लीगसोबत इंग्लंडमधले दोन्ही कपही जिंकले. फरक बाकावर कोण बसलंय यात आहे. सिटीकडे प्रत्येक जागेला दोन तयार खेळाडू होते. तुमच्याकडे नसतील तर लीगच्या मध्ये एकच स्पर्धा घ्या, आणि तीही बाकावरच्या मुलांना पुढे करून. बक्षिसाची रक्कम मोह पाडते, मला माहीत आहे, संघ चालवायला पैसे लागतात. तो हिशेब तुमचा तुम्हालाच करावा लागेल.

इथवरचं थोडक्यात: चार पराभव ताकदीच्या फरकाने, ते मनाला लावून घेऊ नका. दहा गुण दुसऱ्या फेरीत सांडले. त्यामागे मला तीन कारणं दिसतात, समोरच्यांनी तुम्हाला ओळखलं, पाय थकले, आणि अकराच्या पलीकडे कोणी तयार नव्हतं.

या तिसऱ्या कारणाबद्दल मी हट्टी आहे. पहिली फेरी संपेपर्यंत अठरांतल्या प्रत्येक मुलाला निदान दोन सामन्यांत सुरुवातीपासून खेळवायचं. पाच सोपे सामने तुम्हाला सलग मिळाले होते, तीच वेळ होती. ४-० ने पुढे असतानाही तेच अकरा शेवटपर्यंत खेळले असं तुमच्या मजकुरावरून दिसतं. मग नोव्हेंबरमध्ये लेफ्ट बॅकचं हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) दुखायला लागलं तेव्हा त्याच्या जागी जो आला त्याने आधी एकही पूर्ण सामना खेळलेला नव्हता. दोन्ही बरोबऱ्यांतले गोल त्याच बाजूने आले हे तुम्हीच लिहिलंय. त्या मुलावर राग धरू नका. त्याला हंगामात तयारच केलं गेलं नाही.

बदलीचं वेळापत्रकही बदला. पुढे असताना पंच्याऐंशीव्या मिनिटाला वेळ काढायला बदल करण्यात अर्थ नाही. साठ ते सत्तरच्या मध्ये दोन ताजे पाय उतरवा, एक मिडफिल्डला, एक बाजूला. थकलेला संघ आपोआप मागे सरकत गोलपाशी गोळा होतो, आणि मग शेवटच्या दहा मिनिटांत प्रत्येक बॉल तिथेच येतो. सरावात रोज पंधरा मिनिटांचा एक छोटा सामना ठेवा: एक संघ १-० ने पुढे आहे, वेळ थोडी आहे, टिकवून दाखवा. मुलांना हे आवडतं, आणि बॉल कोपऱ्याकडे नेणं, उगाच फाउल न करणं, थ्रो-इनला घाई न करणं हे आपोआप येतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, दमाचा व्यायाम. पोलो ग्राउंडला फेऱ्या मारायला लावणं थांबवा. फुटबॉलमध्ये माणूस एका गतीने पळत नाही, थांबतो, वळतो, झपाट्याने जातो, मागे येतो. त्यासाठी छोट्या जागेतले सामने उत्तम. चार विरुद्ध चार, चार मिनिटं पूर्ण जोरात, तीन मिनिटं आराम, असे चार वेळा. बॉल बाहेर गेला की तुम्ही लगेच दुसरा टाकायचा, म्हणजे कोणी उभं राहत नाही. हे बुधवारी. शुक्रवारी थोड्या पूर्ण वेगाच्या धावा, वीस-तीस मीटर, मध्ये भरपूर विश्रांती. वेगाने पळणं हंगामात पूर्ण सोडलं की हॅमस्ट्रिंग त्याला विसरतं आणि सामन्यात अचानक मागितलं की दगा देतं.

वॉर्म-अपसाठी फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ घ्या. साधारण वीस मिनिटं लागतात. आधी धावणं, मग ताकद, तोल आणि उड्या, मग पुन्हा वेगाचं धावणं. आठवड्यातून निदान दोनदा नेमाने केला तर दुखापती स्पष्टपणे कमी होतात. त्यातच नॉर्डिक हॅमस्ट्रिंग आहे: गुडघ्यांवर बसायचं, साथीदाराने घोटे धरायचे, आणि अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. पहिल्या आठवड्यात पाचच वेळा, नाहीतर दोन दिवस चालता येणार नाही. सामन्याच्या आदल्या दिवशी नको. चौदा-पंधराच्या मुलांपैकी कोणाच्या गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखत असेल तर ते झपाट्याने वाढण्याच्या वयाचं दुखणं असू शकतं. त्याला उड्या आणि शूटिंग कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा, ‘नाटक करतो’ म्हणू नका.

पुढच्या हंगामाची आखणी कॅलेंडर समोर घेऊन करा. जुलै-ऑगस्टमध्ये बडोद्यात मैदान कधी चिखल तर कधी तळं, विश्वामित्री नदी भरली की आठवडा गेला समजा, तेव्हा एखादी शेड किंवा शाळेचा हॉल आधीच बोलून ठेवा. सहा आठवडे तयारी, सराव सामने चार-पाच. गणपतीत पोरं मंडळात रमतात, ते दिवस हलके ठेवा. नवरात्रीचं वर आलंच. उत्तरायणाला १४ आणि १५ जानेवारीला कोणी ग्राउंडवर येणार नाही, दिवसभर गच्चीवर पतंग उडवताना मान वर आणि मांज्याने बोटं कापून घेतलेली असतात, म्हणून त्या आठवड्यात सामना असेल तर संयोजकांशी आधीच बोला. आणि फेब्रुवारीनंतर बोर्डाच्या परीक्षांमुळे दहावी-बारावीची मुलं धरूच नका.

तुमच्या लेफ्ट बॅकला सध्या खेळवू नका. चालताना दुखत नाही म्हणजे बरं झालं असं नाही. पूर्ण वेगाने पळून, एकदम थांबून, वळून काहीच दुखलं नाही असं निदान आठवडाभर झालं की मग छोटे सामने, आणि त्यानंतर मोठा सामना. जवळच्या चांगल्या फिजिओकडे एकदा न्या. सोळा वर्षांच्या मुलाचं हॅमस्ट्रिंग अर्धवट बरं होऊन पुन्हा गेलं तर त्याचे पुढचे दोन-तीन हंगाम त्यातच जातात.

मला तीन गोष्टी कळवा: संघात एकूण मुलं किती, बदली किती चालतात, आणि दुसऱ्या फेरीतले गोल कोणकोणत्या मिनिटाला खाल्ले. मिनिटं आठवत नसतील तर स्कोअरशीटवर असतील, संयोजकांकडून मागून घ्या. पुढच्या लीगचं फिक्स्चर लागलं की तेही टाका. ते दोन तगडे संघ कोणत्या आठवड्यात येतात आणि त्यांच्या आधीचा सामना कोणाशी आहे, हे बघून त्या आधीच्या सामन्यात कोणाला विश्रांती द्यायची ते नावांनिशी ठरवू.